हुरड्याआधी ब्रेक

काकासाहेब शेजुळांच्या गाडीला ब्रेक नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. ब्रेक होता. फक्त तो एका हाकेत येत नसे. पहिल्यांदा पायडल दाबलं की ते मुकाट्यानं तळाला टेकायचं. दुसऱ्यांदा दाबलं की आपल्याला कोणीतरी बोलावतंय अशी गाडीला शंका यायची. आणि तिसऱ्यांदा दाबलं की ती थांबायची. पंगतीत बसलेल्या जावयासारखा तिला आग्रह लागायचा, इतकंच.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातला जुना छोटा ट्रक. जीपचा थोरला भाऊ म्हणा. काकासाहेबांनी त्याला छातीला लागतील असे टायर बसवले होते, पुढं लोखंडी पाइपाचा दांडगा बंपर लावला होता आणि मागच्या हौद्यात समोरासमोर दोन बाकं टाकली होती. हे सगळं शेतासाठी. शेत खुलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. शेवटचा तुकडा काळ्या मातीचा, मधे नाला. त्या वाटेनं स्कूटर गेलीच तर परत येताना ती माणसाच्या खांद्यावरून यायची. काकासाहेब एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आठवडाभर फायली पुढं ढकलणाऱ्या माणसाला रविवारी काहीतरी खरोखर पुढं जावं असं वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

पण एके दिवशी सूतगिरणी चौकात एक पेरूचा हातगाडा आडवा आला. काकासाहेबांनी एकदा दाबलं, दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, आणि गाडी पेरूंपासून दोन बोटांवर थांबली. "थांबली का नाय?" काकासाहेब अभिमानानं शेजारी वळून म्हणाले. शेजारी कोणी नव्हतं. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई पिशवी घेऊन खाली उतरल्या होत्या आणि रिक्षाला हात करत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला. "ब्रेक नीट होईस्तोवर मी त्या गाडीत पाय ठेवायची नाय. तुमी ठेवायचा का नाय ते तुमचं तुमी बगा."

एरवी अशा प्रतिज्ञा संक्रांतीच्या हलव्यासारख्या आपोआप विरघळतात. पण त्याच आठवड्यात काकासाहेबांनी कचेरीतल्या मोठ्या साहेबांना हुरड्याचं आमंत्रण देऊन टाकलं होतं. "शेत आपलं, गाडी आपली, साहेब. तुम्ही आणि वहिनींनी नुसतं बसायचं." साहेब लोक अशा वेळी 'बघू' म्हणतात, आणि आमंत्रण देणाऱ्यालाही तेच ऐकायचं असतं. हे साहेब 'नक्की येतो' म्हणाले. साहेबांच्या बाई येणार म्हटल्यावर घरची बाई हजर पाहिजे. आणि ज्वारी काही कचेरीतली फाइल नाही, की पडून राहिली तर बिघडत नाही. कोवळी आहे तोवर हुरडा, मग निबर, मग सरळ भाकरी.

तेव्हा ब्रेक करणं आलं.

शेजारी नानासाहेब औताडे राहत. साखर कारखान्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक विषयातलं थोडं कळायचं, म्हणजे सल्ला देण्यापुरतं. गल्लीत फोनही त्यांच्याकडंच होता, त्यामुळं सगळ्यांची सुखदुःखं आधी त्यांना कळत आणि मग ज्याची त्याला. ते गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "काकासाहेब, दुरुस्ती करू नका. बदलून टाका. पायडलच्या मागं तेल ढकलणारं जे नळकांडं असतं ना, मास्टर सिलिंडर, ते तुमचं लई बारीक असणार. टायर पाहा केवढे, मास्टर पाहा केवढा! मोठा बसवा. पाइप मोठा तर जोर मोठा."

हे ऐकायला इतकं बरोबर होतं की कोणी आक्षेप घेतला नाही. नानासाहेब स्वतः रोज सकाळी जास्वंदीला पाणी घालताना नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून बारीक करायचे आणि तेव्हाच पाणी लांब उडायचं. पण स्वतःचा अनुभव सल्ल्यात घालायची आपल्याकडं पद्धत नाही.

उस्मानपुऱ्यात बद्रीनाथचं गॅरेज होतं. बद्रीनाथ मनाचा अत्यंत मोठा माणूस. त्याला नाही म्हणणं माहीत नव्हतं. कुठल्याही कामाच्या सुरुवातीला तो म्हणायचा, "होऊन जाईल," आणि शेवटी म्हणायचा, "होऊन जायला पाहिजे होतं."

"मोठा मास्टर?" त्याचे डोळे चमकले. "काकासाहेब, एकदम लॉरीचा टाकू ना! हत्ती जरी असला तरी जागेवर थांबंल. होऊन जाईल."

भंगार बाजारात दोघांनी दुपार घालवली आणि गुळाच्या ढेपीइतका जड एक मास्टर घेऊन आले. तो गाडीच्या भोकांवर बसेना. मग लोखंडी पट्टी कापून मधे जोडली. तेव्हा तो स्टिअरिंगच्या दांडीला लागायला लागला. मग पट्टी तिरकी केली. मग तेलाचा पाइप आखूड पडला. लांब पाइप आणला तर त्याच्या नटाचे आटे वेगळे निघाले. काकासाहेब कचेरीतून परस्पर गॅरेजला जायचे आणि घरी यायचे ते ब्रेक ऑइलचा वास घेऊन. मनकर्णाबाईंनी त्यांचं ताट स्वयंपाकघरातून बाहेरच्या ओट्यावर हलवलं.

अखेर मास्टर बसला. पाहणी करायला नानासाहेब मोठ्या सन्मानानं पुढच्या सीटवर चढले. गल्लीच्या तोंडाशी काकासाहेबांनी ब्रेकवर पाय ठेवला.

पायडल हललं नाही.

पूर्वी ते लोण्यात रुतल्यासारखं खाली जायचं, आता देवळाच्या पायरीवर पाय ठेवल्यासारखं वाटलं. काकासाहेबांनी जोर लावला. मग दोन्ही पाय लावले. मग सीटला पाठ रेटून, स्टिअरिंग धरून उभेच राहिले. गाडीनं वेग किंचित कमी केला, तोही त्यांचा मान राखायला म्हणून. नानासाहेब ओरडले, "दाबा की!" काकासाहेब ओरडले, "दाबतोयच की वो!" आणि गाडी नानासाहेबांच्या वरच्या मजल्याच्या बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर गजगतीनं चढली आणि माथ्यावर विसावली.

कुणाला लागलं नाही. पण वाळू पसरली, ती नेमकी आवडाबाईंनी, म्हणजे नानासाहेबांच्या पत्नीनं, वाळत घातलेल्या गव्हावर. आवडाबाई पुढं महिनाभर पोळी वाढताना 'जरा कचकच लागंल' असं सांगत, आणि ते सांगताना काकासाहेबांच्या घराकडं बघत.

त्याच संध्याकाळी शेतावरून बन्सीचा फोन आला. बन्सी म्हणजे काकासाहेबांचं शेत वाट्यानं करणारा गडी. निरोप अर्थात नानासाहेबांनी घेतला आणि कुंपणावरून मोठ्यानं सांगितला, "बन्सी म्हणतो, हुरडा ऐन भरात आला हाय. कधी येता?"

"येऊ म्हणा, ब्रेक झाला की."

"ते मी सांगितलं त्याला. वाळूचं बी सांगितलं."

बद्रीनाथनं डोकं खाजवून निदान केलं. मास्टर उत्तम आहे, माणसाचा पाय कमी पडतो. पायाला मदत करणारा बूस्टर बसवायचा. बूस्टर म्हणजे इंजिनाच्या ओढीवर चालणारा गोल डबा. भंगारात मिळाला तो मोठ्या कुकरएवढा होता. तो बॉनेटखाली मावेना, कारण तिथं बॅटरी होती. बॅटरी हलवून पुढच्या सीटखाली ठेवली. त्यानं सीट वीतभर उंच झाली. सीट उंच झाल्यावर काकासाहेबांचं डोकं कापडी टपाला लागायला लागलं. म्हणून टपाच्या कमानी उंच केल्या. आता ते रस्त्यावरून जाताना लोकांना दुरून लग्नाचा मांडव चालल्यासारखा दिसे आणि त्यात नवरदेवाच्या जागी चष्मा लावलेले हेडक्लार्क.

भंगारातला बूस्टर होता, तेव्हा त्याच्यात कुठंतरी बारीक फट होती आणि पायडल बरंचसं जडच राहिलं होतं. काकासाहेबांनी गाडी दारात उभी केली, इंजिन चालू ठेवून ते पाणी प्यायला आत गेले, आणि बाहेर आवडाबाई किंचाळल्या. गाडीच्या पुढच्या चाकाजवळून 'फुस्स' असा संथ, लांब आवाज येत होता.

"नाग हाय! मोठा हाय!"

गल्ली जमली. कोणी काठी आणली, कोणी दुधाची वाटी. नानासाहेबांनी लांबूनच जातीचा अंदाज बांधला, "घोणस. घोणस अशीच कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते." साप धरणारा एक माणूस रिक्षानं आणवला. तो बिचारा पोटावर झोपून गाडीखाली गेला, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि बाहेर येऊन अंगावरची धूळ झटकत म्हणाला, "काका, साप नाय. गाडीच लीक हाय." जमलेल्या लोकांनी काकासाहेबांकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यापेक्षा नाग परवडला असता. माणसं फसवणुकीची तक्रार करत पांगली.

दुसऱ्या दिवशी क्रांती चौकात वाहतुकीच्या हवालदारानं हात केला. त्यानं मांडव खालून वर पाहिला. "हे टप वाढवलंय का?" काकासाहेबांनी ब्रेकपासून सगळी हकीकत सांगितली. हवालदार सहानुभूतीनं ऐकत होता, पण म्हणाला, "मंग याची नोंद करून घ्या. नायतर पुढच्या बारीला मला लिहावं लागंल."

गाड्यांच्या कचेरीत खिडकीमागचा कारकून काकासाहेबांच्याच वयाचा होता. तो शांतपणे म्हणाला, "गाडी तपासणीला आणा."

"आणतो."

"पण नोंद झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही."

"मग तपासणीला कशी आणू?"

"ते आमच्याकडं येत नाही," कारकून म्हणाला, आणि पेन खाली ठेवून त्यानं जी थंडगार नजर वर केली, ती काकासाहेबांना ओळखीची वाटली. ही नजर त्यांची होती. पंचवीस वर्षं त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूनं ती वापरली होती, आणि तिच्यात एवढी धार आहे हे त्यांना आज कळत होतं. ते निमूट पायी घरी आले.

कुंपणावर नानासाहेब वाटच पाहत होते. "बन्सीचा फोन होता. म्हणतो, वरचा तुकडा निबर झाला. खालच्या तुकड्यात रविवारपर्यंत दम हाय. मंग तो बी गेला."

आणि कचेरीत साहेब लिफ्टपाशी भेटून म्हणाले होते, "शेजूळ, रविवारच ना? आमच्या घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय." काकासाहेब 'होय साहेब' म्हणाले होते आणि जिना चढून वर गेले होते. लिफ्टमध्ये साहेबांबरोबर राहायची हिंमत नव्हती.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर ते ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसले. साहेबांना नाही म्हणायचं तर काय सांगायचं? सासू वारली असं सांगावं तर सासू आधीच वारलेली, आणि साहेब तेव्हा भेटायला येऊन गेलेले.

मनकर्णाबाई आतून म्हणाल्या, "असं बसून काय होतंय? शेव करायची हाय हुरड्यासंगं. सोऱ्या दाबून द्या जरा."

"अगं, जायचंच नक्की नाय."

"नाय गेलो तर शेव काय वाया जाती का?"

माणसं जास्त म्हणून आवडाबाईंकडचा मोठा सोऱ्या आणला होता. लग्नाकार्यातला, पितळेचा, लोट्यासारखा रुंद. मनकर्णाबाईंनी त्यात पीठ भरून दिलं. काकासाहेबांनी दोन्ही तळव्यांनी दाबलं. शेव येईना. त्यांनी पाट घेतला, त्यावर गुडघे टेकले, दात खाल्ले. केसासारखे चार धागे बाहेर आले आणि तेलात पडून करपले.

"एवढा जोर नाय का तुमच्यात?" मनकर्णाबाईंनी तो बाजूला ठेवून घरातला नेहमीचा बारका सोऱ्या पुढं केला. "ह्यातून करा मंग. पीठ तेच हाय."

काकासाहेबांनी दाबलं. शेवेचं वेटोळं सरसर तेलात उतरलं. एका हातानं.

ते थांबले. त्यांनी मोठ्या सोऱ्याकडं पाहिलं. मग बारक्याकडं. मग परत मोठ्याकडं.

"अवं, जळाली शेव!"

"मनकर्णा," काकासाहेब पिठाचे हात तसेच हवेत धरून म्हणाले, "हे मोठं हाय म्हणून दाबंना! तोंड रुंद तितका जोर जास्त लागतो! आपण लॉरीचा सोऱ्या बसवलाय गं गाडीला!"

सकाळी उठून ते दोन्ही सोऱ्ये पिशवीत घालून उस्मानपुऱ्याला गेले. बद्रीनाथला गॅरेजच्या फळीवर रात्रीच्या उरलेल्या पिठानं प्रात्यक्षिक दाखवलं. मोठा मास्टर बद्रीनाथच्याही मनात भरला होता. मग त्यानं पान थुंकून मोठ्या मनानं कबूल केलं, "मग पहिला मास्टर आकारानं बरोबरच होता म्हणा की. आतलं रबर झिजलेलं होतं, म्हणून तीनदा दाबावं लागायचं."

"मग हे पहिल्या दिवशी का नाय सांगितलं?"

"तुम्ही मोठा टाकू म्हणाले. तुमच्या आनंदात आपण कशाला मधी यायचं?"

जुना मास्टर तर भंगारात गेला होता. पण थोड्या मोठ्या, नव्या जातीचा एक मास्टर दुकानात कोरा मिळाला. त्याच्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचं तेल वेगवेगळं जायचं, म्हणजे एकीकडं गळालं तरी दुसरीकडं ब्रेक उरणार. काकासाहेबांनी दहादा विचारून त्याचं तोंड जुन्यापेक्षा केसभरच मोठं असल्याची खात्री करून घेतली. सुधारणा झाली म्हणायला तेवढं पुरे होतं. त्यांची इज्जतही राहिली.

आणि मग सगळं उलट्या क्रमानं उलगडत गेलं. बूस्टर निघाला, फुत्कार थांबला. बॅटरी आपल्या जागेवर गेली, सीट खाली आली, टपाच्या कमानी पुन्हा वाकवल्या. टप खाली आल्यावर नोंदीचा प्रश्नच उरला नाही. काकासाहेबांना वाटलं, त्या खिडकीशी जाऊन 'आमचं काम आमच्याकडंच झालं' असं एकदा सांगून यावं. मग त्यांनी विचार केला, जाऊ द्या. तो बिचारा तरी काय करील, त्याच्याही वर कोणी साहेब बसलेला असेल.

शेवटचं काम पाइपांमधली हवा काढायचं. त्याला दोन माणसं लागतात. एकानं गाडीखाली झोपून चाकाजवळचा नट सैल करायचा, दुसऱ्यानं वर बसून पायडल दाबून धरायचं. शनिवारी बद्रीनाथ गारखेड्याला काकासाहेबांच्या घरी आला आणि गाडीखाली शिरला. काकासाहेब तेलाची बाटली धरून पुढं उभे राहिले, कारण तेल सतत ओतत राहावं लागतं. वर बसायला नानासाहेब निघालेच होते, तेवढ्यात मनकर्णाबाई पदर खोचून आल्या.

"सरका. मी बसते."

"तुम्ही शपथ घेतली व्हती, वहिनी," नानासाहेब म्हणाले.

"ब्रेक झाल्याशिवाय बसायची नाय म्हणले व्हते. झाला का नाय ते मीच बगते."

"दाबा!" खालून बद्रीनाथ ओरडला. त्यांनी दाबलं. "धरा!" त्यांनी धरलं. खालून तेलाचे बुडबुडे फुटल्याचा आवाज आला. "सोडा!" चारही चाकं अशी झाली. कुंपणापलीकडून आवडाबाईही 'दाबा, धरा' म्हणायला लागल्या. पहिल्या चाकाला पायडल भुसभुशीत होतं, दुसऱ्याला जरा भरीव, आणि चौथ्या चाकाचा नट आवळला तेव्हा मनकर्णाबाईंचा पाय अर्ध्यावर जाऊन थांबला. त्यांनी अजून एकदा दाबून पाहिलं. पायडल तिथंच थांबलं, न रुतता, न अडता.

मग त्या खाली उतरल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "उद्या किती वाजता निघायचं? गूळ घ्यायचा राहिलाय."

काकासाहेबांनी तेलाची बाटली छातीशी धरली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

रविवारचा हुरडा झाला. बन्सीनं खालच्या तुकड्यातली शेवटची कोवळी कणसं आगटीत भाजली आणि गरम गरम चोळून पानावर टाकली. साहेबांनी दाणे खाल्ले, शेव खाल्ली, वर मठ्ठा प्यायला आणि ते लिंबाखाली सतरंजीवर आडवे झाले. साहेबांच्या बाईंनी मनकर्णाबाईंकडून शेवेची रीत विचारून घेतली. नानासाहेबांनी साहेबांना ज्वारीच्या जातींवर सल्ला दिला. कुठं म्हणून काही बिघडलं नाही. सारखं काही ना काही बिघडायची सवय झालेल्या काकासाहेबांना त्याचीच मनात धाकधूक लागून राहिली.

परतीच्या वाटेवर दौलताबादचा घाट लागतो. उतार, वळणं, आणि मधे एक जुना दगडी दरवाजा, ज्यातून एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. ऊन कलायला लागलं होतं. मागच्या बाकांवर साहेब, त्यांची माणसं, नानासाहेब आणि आवडाबाई, अशी भरगच्च गाडी उताराला लागली होती. पुढं मनकर्णाबाई. काकासाहेब दरवाजाच्या वळणावर आले आणि समोर कमानीतून मेंढरं बाहेर आली. दहा-वीस नव्हे, अख्खा कळप, दरवाजा भरून वर येणारा.

काकासाहेबांनी एकदा पाय दाबला.

गाडी थांबली. झटका नाही, ओरड नाही, दुसऱ्यांदा दाबणं नाही. पहिल्या मेंढीत आणि बंपरात आरामात एक बैलगाडी मावली असती.

काकासाहेबांना वाटलं, आता मागून कोणीतरी 'वा!' म्हणेल. मागं साहेब बदली कुठं मागावी यावर बोलत होते, ते बोलतच राहिले. नानासाहेब त्यांना ते कसं चुकीचं आहे हे समजावत होते. काकासाहेबांनी शेजारी पाहिलं. मनकर्णाबाई मान टपाच्या दांडीला टेकवून झोपल्या होत्या. डोक्यावरचा पदरसुद्धा ढळला नव्हता. काकासाहेब स्टिअरिंग धरून नुसते त्या झोपलेल्या चेहऱ्याकडं पाहत राहिले.

कळपामागून खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा धनगर लगबगीनं पुढं आला. केरबा त्याचं नाव, मागून कोणीतरी त्याला तशी हाक मारली. मेंढरांना काठीनं कडेला दाबत तो ओशाळून म्हणाला, "मालक, लई येळ लागंल बगा. मागं अजून हायेत. खोळंबा झाला तुमचा."

"लागू दे की बाबा," काकासाहेब हळू आवाजात म्हणाले, शेजारची झोप मोडू नये म्हणून. "आमाला काय घाई नाय. आता थांबता येतंय आमाला."